पाण्याखालचा बांध

२० फेब्रुवारी

मी सांगते, सून लिहिते. माझं नाव विठाबाई. वय अठ्ठ्याहत्तर धरा. जन्माचा दाखला नाही, त्यामुळं दोन-चार वर्षं इकडंतिकडं करायची मला मुभा आहे. अक्षर एक येत नाही. सून पौर्णिमा अंगणवाडीत शिकवते. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे म्हणतात. मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखीच दिसतात, पण तिच्या मुंग्या ओळीत चालतात एवढं कळतं.

हे लिहिणं युवराज सरपंचाच्या डोक्यातून निघालं. आमचं जुनं गाव धरणात गेलं, आता आम्ही टेकाडावरच्या पुनर्वसनात राहतो. खाली कुणाचं घर कुठं होतं, कुणाचं रान कुठं, हे सांगणारी माणसं संपत आली. युवराज म्हणाला, "आजी, तुम्ही हायसा तवर लिवून घ्या." म्हणजे मी चालले हे त्यानं ठरवूनच टाकलंय. डायरी बियाण्याच्या दुकानातली आहे, वर कांद्याचं चित्र. पौर्णिमा म्हणाली, "आत्या, नुसतं जुनं कशाला, रोजचं बी सांगा. मी कुणाला दाखवणार न्हाय." माझं बोलणं ती धुऊन-पिळून लिहिते. म्या 'न्हाय' म्हटलं की कागदावर 'नाही' होतं. बरं आहे. ह्या वयात शहाणी झाले.

आजचं एवढंच की पाणी आता झपाट्यानं हटायला लागलं. अमरदीप, माझा मुलगा, पुण्याला कामाला होता तेव्हा त्यानं मला एकदा कोकणात नेऊन समुद्र दाखवला. समुद्राचं पाणी दिवसात दोनदा जातं आणि दोनदा येतं. म्या म्हटलं, हे पाणी आहे का रुसकी सून? (पौर्णिमानं हे लिहिलं, पण पेन जोरात दाबला.) आमच्या धरणाचं पाणी वर्षातून एकदाच जातं. काठ रोज खाली सरकला की समजायचं उन्हाळा आला. मागं काळा गाळ उघडा पडतो. त्यात टरबूज लावा, काकडी लावा, वाळकं लावा, खत म्हणून लागत नाही. ह्याला गाळपेर म्हणतात. कागदावर गाळ सरकारचा, पण गावानं ठरवलंय, ज्याचं रान बुडालं त्यानंच तिथं पेरायचं. आता चिखलावर कुठं लिहिलंय कुणाचं रान? म्हणून दरसाल मला काठावर नेऊन उभं करतात. मी काठी रोवते, तो बांध. मोजणीवाल्याला साखळी लागते, मला डोळे पुरतात.


२४ फेब्रुवारी

आज चन्नम्मा आली. ती माझ्याच उमरीची. माहेर आळंदच्या अंगाला, कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिला मीठ मागता येत नव्हतं, आता भांडणात मला हरवते. लिंगायताच्या मोठ्या घरची सून. जुन्या गावात तिच्या नवऱ्याचं, माणिकप्पाचं, रान आणि आमचं रान बांधाला बांध. आता नवरा नाही, मुलगा शिवकुमार सोलापुरात, इथं ती आणि एक म्हैस.

"एन विठा, हायीस का अजून?"

"तुझी वाट बघती. तू म्होरं हो, माझी जागा धर."

"मी गेले तर तुला शिव्या कोन देनार?"

"सून हाय की."

पौर्णिमा चहा घेऊन आली, ती ऐकून परत गेली.

जुन्या गावाचं लिहून घेतेय म्हटल्यावर चन्नम्मा म्हणाली, आमची विहीर लिव. ती विहीर नावाजलेली. भर उन्हाळ्यात सगळ्या विहिरी तळाला गेल्या तरी हिच्यावर मोट चालायची. चन्नम्मानं सांगितलं, "एकवीस पायऱ्या. सातवी निसटती. मोटंच्या दोन खांबातल्या उगवतीच्याला बोटभर चीर." एवढं सांगून चहात दोनदा साखर घातली आणि वर म्हणाली, चहा अगोड आहे. बिचारी. डोकं चाळणी झालंय तिचं.

आमच्या लोकांना त्या विहिरीवर चढायला नव्हतं. खाली घागर ठेवायची, वरून कुणीतरी ओतायचं. चन्नम्मा नवी सून, ती ओतायची. निम्मं घागरीत, निम्मं माझ्या डोक्यावर. मी म्हणायची, आंघोळीचं येगळं दे की. ती हसायची. एका उन्हाळ्यात तिच्या सासूनं ते बंद केलं. बारा दिवस. मी उजाडल्यापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत घागर घेऊन उभी राहायची. चन्नम्मा बघायची, पाठ करायची, खोपीत जायची. जाऊ दे. जुनं झालं. म्या ते कवाच सोडून दिलं.

पौर्णिमा, बारा लिहिलंस ना? दहा लिहू नको.


२ मार्च

पाणी आणखी हातभर गेलं. सांगण्यासारखं काही नाही.


८ मार्च

आज पौर्णिमाला म्हटलं, दार लोटून घे.

मागल्याच्या मागल्या दिवाळीत अमरदीपची नोकरी सुटली. घरी आला आणि तीन महिने खाटेवर पडून मोबाईल बघत राहिला. हाक मारली तर हूं म्हणायचा, तेही उसनं आणल्यासारखं. मग एक दिवस उठला आणि म्हणाला, आये, टरबूज लावतो. जन्मात पहिल्यांदा मातीकडं बघून बोलला.

काठावर सगळे जमलो. आमच्या वाट्याला यायचा तो वरचा तुकडा, खडकाळ, गाळ वीतभर. शेजारचा चन्नम्माचा खोलगट, गाळ कमरेएवढा. युवराज म्हणाला, आजी, बांध दाखवा. म्या काठी उचलली. अमरदीप माझ्याकडं बघत होता. जिथं रोवायची ती जागा मला डोळे मिटून माहीत होती. तिथं पोचले. तिथून वीस पावलं पुढं गेले आणि रोवली.

वीस पावलं चालायला माझ्या वयाच्या बाईला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ मला थांबायला होता. थांबले नाही.

युवराजनं विचारलं, "चन्नम्मा आजी, बरूबर हाय का?" ती माझ्याकडं बघून म्हणाली, "विठा म्हनती म्हंजी तितंच असंल."

इथं पौर्णिमाचा पेन थांबला. म्या म्हटलं, शाई संपली का? "न्हाय आत्या. हाय." मग लिही.

टरबूज लई आलं. परंड्याच्या बाजारात लोक टिचक्या मारून घेऊन गेले. अमरदीप माणसात आला, हसायला लागला. मी त्यातली एक फोड खाल्ली नाही. सांगितलं, दातांना गार लागतं. दात तीनच आहेत.

काठी गेल्या सालची तशीच रोवलेली, संक्रांतीनंतर अमरदीपनं तिच्या अलीकडं पुन्हा वेल लावले. यंदा पाऊस कमी झाला, पाणी खोल चाललंय. त्या खोलगटातच माणिकप्पाची विहीर आहे आणि मोटेचे दोन दगडी खांब. ती विहीर चन्नम्माच्या रानात, बांधापासून चांगली आत, हे सगळ्या गावाला ठाऊक. धरण भरल्यापासून ती एकदाच उघडी पडली, दुष्काळात, छावणीच्या साली. तेव्हा गाव जनावरं घेऊन छावणीत बसलेलं, बघायला कोण होतं? यंदा सगळे आहेत. ते खांब वर येतील तेव्हा माझ्या काठीच्या अलीकडं येतील. आमच्या टरबुजात.

एवढंच. दार उघड.


१३ मार्च

पाच दिवस पौर्णिमानं डायरी काढली नाही. म्हणते, अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायची होती. घे बाई. सासूचं वजन घेऊन झालंच.

म्या विचारलं, "अमरदीपला बोललीस का?"

"तुमचं तुम्ही सांगायचं, आत्या."

"आन न्हाय सांगितलं तर?"

"तर न्हाय. मी फकस्त लिहिनार म्हनले व्हते."

तिला रागवावं म्हटलं तर कशावरून रागवायचं ते सापडेना. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं. नव्हतं कमी.


२५ मार्च, धुळवड

ऊन आता दहालाच पत्र्यावर येऊन बसतं. काठ रोज नवा. भोई लोकांनी खोप्या उचलून शंभर पावलं खाली नेल्या, पाण्याच्या मागं मागं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून सकाळी जाळी ओढतात. थंडीत आलेले लांब मानेचे पक्षी उडून गेले. चिखलाला भेगा पडल्या, भेगांत शिंपले. रविवारी बार्शीहून, परंड्याहून माणसं मासे खायला येतात आणि आमच्या बुडालेल्या गावाकडं पाठ करून फोटो काढतात. कुणी पोरगी म्हणाली, अगदी बीचसारखं आहे. बीच म्हणजे समुद्राचा काठ, पौर्णिमानं सांगितलं. पोरांनी रंग आणलाच नाही, गाळानंच धुळवड खेळली.

अमरदीपचे वेल लांब सुटलेत. पानांखाली लिंबाएवढी फळं. तो दिवसभर मोटरीजवळ असतो, पाणी मागं गेलं की पाइप पुढं ओढतो. गाणं म्हणतो. मला पूर्वी ते आवडायचं.

चन्नम्मा काठी टेकत आली. वेल चुकवत सरळ गेली आणि पाण्याच्या कडंला एका जागी बसली. म्या म्हटलं, सावलीत बस की.

"न्हाय, हितं गार लागतंय."

"पाण्याजवळ गार न लागून काय."

"हितंच लागतंय गं. खालनं येतंय." मग अमरदीपला म्हणाली, "बाळा, ह्याच्या म्होरं येल लावू नको. दगड लागंल."

गाळ कमरेएवढा आणि हिला दगड लागतोय. ऊन चढलं असेल डोक्यात. घरी नेऊन ताक पाजलं.


३ एप्रिल

धोंडीबा भोयाचं जाळं अडकलं. ओढून ओढून फाटलं. फाटकं जाळं घेऊन दारात आला.

"आजी, तुमच्या टरबुजाच्या म्होरं पान्यात काय हाय?"

"बाभळीचा खुंट."

"दगडावानी लागला."

"जुनी बाभळ दगडासारखीच व्हती."

त्यानं डोकं खाजवलं. गरीब माणूस, मी सांगितलं म्हणजे बाभळच. पौर्णिमानं त्याला जाळं शिवायला दोरा दिला आणि माझ्याकडं बघितलं नाही.

पहिल्या खोट्यानं निदान माझा मुलगा उठला. ह्या दुसऱ्यानं कुणाचं काय झालं? धोंडीबाचं जाळं फाटलं तेवढं. आणि पहिलं बोलायला मला वीस पावलं लागली होती. हे आपोआप आलं, खोकल्यासारखं.


६ एप्रिल

हे सांगणार नव्हते. पौर्णिमा म्हणाली, "आत्या, लिहायचं तर हेच."

उगवतीच्या खांबाचं टोक वर आलं. पालथ्या वाटीएवढं. दुपारी गाव झोपल्यावर मी युरियाचं रिकामं पोतं काखेत मारून निघाले. पोतं त्या टोकावर टाकायचं, वर शेवाळ पसरायचं, म्हणजे कुणाला काही दिसायला नको. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई धरण झाकायला निघाली.

पाणी गुडघ्याला आलं, मग मांडीला. लुगडं वर खोचलेलं. पोतं टाकलं, ते तरंगत माझ्याकडं परत आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा आलं, पाळलेल्या कुत्र्यासारखं. तिसऱ्यांदा दाबून धरायला वाकले आणि पाय गाळात रुतले. एक काढावा तर दुसरा आत जातो. कमरेपर्यंत गेले. ओरडले असते तर भोई धावून आले असते. पण मग विचारलं असतं, आजी, पोतं घेऊन पाण्यात काय करताय? म्हणून ओरडले नाही. बुडाले असते तर चाललं असतं, पोत्यासकट सापडायचं नव्हतं.

तेवढ्यात काठावर चन्नम्मा. ह्या वेळेला ती कधी घराबाहेर पडत नाही, कशी आली कुणास ठाऊक. पौर्णिमाला विचारलं, ती म्हणाली मी भांडी घासत होते. मी कुठं म्हटलं तू काय करत होतीस?

"घरी नळाला पानी आलं न्हाय व्हय आंघोळीला?"

"काठी दे. गप."

काठी दिली. तिनं ओढलं, मी निघाले, ती मागं पडली. दोघी चिखलात बसलो, म्हशी बसतात तशा. तिला हसू फुटलं. मला येईना. मग तिनं ते पोतं काठीनं ओढून घेतलं, दोन्ही हातांनी पिळलं, नीट चौघडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तुझं पोतं," म्हणाली.

खांबाचं टोक समोर होतं. तिनं तिकडं पाहिलंच नाही. नजरही गेली वाटतं बिचारीची.


१४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे, पोरापोरींचं लेझीम, सकाळी वंदना. मी पांढरं लुगडं नेसून पुढच्या रांगेत. मला माहीत नव्हतं, युवराजनं माझा सत्कार ठेवलेला. माईकवर म्हणाला, "आपल्या गावाची आठवण म्हंजी विठाबाई आजी. एखादा कागद खोटा पडंल, आजीचा शब्द पडनार न्हाय." शाल घातली. टाळ्या. चन्नम्मा बायकांत बसलेली, सगळ्यांत आधी टाळी तिनंच वाजवली.

माईक माझ्या तोंडाशी आला. जय भीम म्हणाले. पुढचं येईना. सांगून टाकावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण माईक धरून नुसती उभी राहिले. लोकांना वाटलं मला भरून आलं. दोन बायकांनी डोळे पुसले. युवराजनंही पुसले. म्हणजे मी न बोलूनही खोटं बोलले. हे तिसरं.

एप्रिलच्या उन्हात ती शाल. काढली असती तर माझा मान राखला नाही म्हणाले असते. घेऊन बसले, अंगभर घाम. आयुष्यभर पोराबाळांना सांगत आले, आपण मान खाली घालून जगायचं नाही. घरी येताना रस्त्यातले सगळे खडे मोजले.


१५ एप्रिल

उजाडताच चन्नम्माकडं गेले. ती म्हशीची धार काढत होती.

"आधी ऐक, मग धार काढ."

"म्हस थांबत न्हाय. तू बोल."

मग म्हशीच्या पाठीकडं बघून बोलले. काठी, वीस पावलं, धोंडीबाचं जाळं, पोतं. सगळं. चरवीतला आवाज थांबला नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"तू काठी रोवली तवाच कळलं. माझं रान मला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

आता धार थांबली. "बारा दिस," ती म्हणाली. "तू घागर घिऊन हुबी आन मी पाठ करायची. तुला काय वाटलं, तू एकलीच मोजत हुतीस? म्हनलं जाऊंदे वीस पावलं तिच्याकडं. फिटलं."

सांगितल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. उलट अंगाची आग झाली.

"फिटलं? माझं बारा दिसाचं ऊन, आन तुझा वीस पावलं चिखल? कुनी ठरवलं?"

"मग किती पायजे?"

"मागितलं का मी? मला इचारलंस का? तवा पानी वरनं वतायचीस, आता रान वरनं वतलंस. मी आपली खालीच घागर घिऊन."

म्हशीनं शेपटी मारली, चन्नम्माच्या तोंडावर बसली. मग म्हणाली, "चुकलं." कुठलं चुकलं ते तिनं सांगितलं नाही, म्याही विचारलं नाही. मला तर माझंच तोंड घेऊन कुठं जावं कळेना. चोरी करायला मी गेले आणि भांडून आले तेही मीच.

निघताना म्हटलं, बांध मागं घेणार, चारचौघांत. ती म्हणाली, "पोराचं फळ हाताशी आलंय. ते काढू दे, मग सांग."

"तवर खांब वर येतील. मग मी काय सांगनार? ते खांबच सांगतील."


१६ एप्रिल

अमरदीपला सांगितलं. पौर्णिमा म्हणाली, जेवण झाल्यावर सांगा, पोट भरलेलं बरं.

"आता? आठ दिसात तोड आलीय, आन आता?"

"आठ दिसात पानी आनखी खाली जाईल. समद्यास्नी दिसंल."

"दिसू दे. गाळ सरकतो म्हनायचं. दगड सरकतो. कोन बघाय गेलंय?"

इतकं झटकन सुचलं त्याला. मी बघतच राहिले. कुणाचा मुलगा आहे ते कळलं.

मग म्हणाला, "त्यांच्या हिरीवर तुला चढू देत नव्हते. आन तू त्यांना रान देतीस?"

"चढू दिलं न्हाय ते त्यांच्याकडं. काठी हलवली ते माझ्याकडं."

"माझ्यासाठी हलवलीस ना?"

व्हय म्हटलं तर चोरी त्याच्या डोक्यावर जाते. न्हाय म्हटलं तर चौथं खोटं. तो उठला, हात न धुता गेला. पौर्णिमा भाकरीचं टोपलं तसंच ठेवून त्याच्यामागं गेली. पोट भरलेलं असून काही उपयोग झाला नाही.


१८ एप्रिल

सकाळी काठावर बोलावलं सगळ्यांना. युवराज, दहा-बारा जण, धोंडीबा, चन्नम्मा. अमरदीप लांब, मोटरीजवळ, आमच्याकडं पाठ करून. पाण्यात दोन्ही खांब हातभर वर आलेले, पण अजून कुणी बोट दाखवलं नव्हतं. लोकांना वाटत होतं आजी जुन्या गावाची गोष्ट सांगणार.

सांगितली.

युवराज म्हणाला, कागदावर घेऊ. त्यानं सांगितलं, पौर्णिमानं गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. म्या म्हटलं, वाच.

"'मागील वर्षी बांध दाखवताना माझ्याकडून अनवधानाने चूक झाली.'"

"अनवधान म्हंजी?"

"म्हंजी ध्यान नसताना, आजी," युवराज म्हणाला. "वय झाल्यावर व्हतं."

"ध्यान व्हतं. लई व्हतं. खोड ते."

"आजी, चार दिस झाले शाल देऊन. लोक मला काय म्हनतील?"

"शाल धुऊन देते तुझी. खोड."

पौर्णिमानं खोडलं. "मग काय लिहू, आत्या?"

"जानूनबुजून खोटं बोलले. पोराच्या भल्यासाठी लिहू नको. नुसतं खोटं बोलले लिही."

तिनं लिहिलं. मोठ्यानं वाचलं. धोंडीबा आपल्या जाळ्यातला शिवलेला भाग बोटांनी चाचपत होता. एक जण उगीच खोकला. जयंतीला डोळे पुसलेली एक बाई माझ्या पायांकडं बघत होती. अशा वेळी जमीन पोटात घेईल तर बरं म्हणतात. इथला गाळ कमरेपर्यंतच घेतो, पुढं नेत नाही. ते मी करून बघितलंय.

मग काठी उपटली. घट्ट बसलेली, कुणी मदतीला आलं नाही, म्याही मागितली नाही. वीस पावलं मागं आले. पुढं जाताना लागली त्यापेक्षा ही लांब लागली. रोवली.

वाटलं, झालं आता. तर चन्नम्मा उठली, पदर खोचला, आणि युवराजला म्हणाली, "हितनं तितवर माझं ना? मग ह्यातलं फळ बी माझं. शिवकुमारला टेम्पो घिऊन बोलावती."

युवराज म्हणाला, "आजी, कष्ट अमरदीपचं हायत..."

"रान त्याला इचारून दिलं हुतं का मी?"

मोटरीजवळ अमरदीप वळला. त्याच्याकडं बघायचा मला धीर झाला नाही. चन्नम्माचा आवाज चढलेला, अगदी तिच्या सासूसारखा, आणि बघत होती सरळ माझ्या डोळ्यांत. परवा सगळं सोडून द्यायला निघाली होती, आज देठासकट मागते. काय फिरलं डोक्यात कुणास ठाऊक. मला राग यायला हवा होता. आला नाही.

"घे की," म्या म्हटलं. "तुझंच हाय. ओळी मोजून घे."

ती काठी घेऊन मोजायला निघाली, कानडीत, मोठमोठ्यानं. ओंदु, एरडु, मूरु. मी तिच्या मागं, लुगडं वेलांत अडकू नये म्हणून वर धरून. मोटरीचा आवाज बंद झाला. अमरदीपनं बंद केली असावी. सगळा काठ तिचं मोजणं ऐकत होता. सहा झाली. सातव्या आकड्याला तिनं दोन ओळी ओलांडल्या. एक ओळ अमरदीपच्या पदरात सुटत होती.

"चन्ने, दोन झाल्या त्या."

"व्हय? मला एकच दिसली."

"नजर गेली तुझी. मागं ये."

ती थांबली. माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागं, मोटरीकडं. मागं आली आणि पहिल्या ओळीपासून परत मोजायला लागली.